टायरच्या तळव्याखालचं पाणी

भर पावसात गाडी सरळ चाललेली असते. पुढे साचलेल्या पाण्याचा पट्टा येतो आणि क्षणभर स्टिअरिंग हातात एकदम हलकं होतं, जणू खालची जोडणीच कुणी काढून घेतली. पट्टा संपतो, स्टिअरिंग पुन्हा जड होतं आणि आपण काही झालंच नाही अशा थाटात पुढे जातो. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे नेली होती. त्याने स्टिअरिंगला हातही लावला नाही. पुढच्या टायरवरून बोट फिरवून म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही. टायर पाण्यावर चढला होता तुमचा."

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. स्टिअरिंग जड लागतं ते रस्ता चाकाला विरोध करतो म्हणून. मध्ये पाणी शिरलं की विरोध करायला कुणी उरतच नाही. पंचाईत अशी की हा सगळा प्रकार टायरच्या खाली घडतो, जिथे नजर पोचत नाही आणि बोट घालायची सोय नाही. तिथे काय चाललंय ते कळावं म्हणून गेली साठ-सत्तर वर्षं लोक काच, कॅमेरा, तारा, लेझर, मायक्रोफोन असं हाताला लागेल ते वापरत आले आहेत.

आधी त्या जागेचा अंदाज घेऊ. गाडी १२०० किलोची धरली तर एका चाकावर साधारण ३०० किलो येतात. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोचा दाब. ३०० ला सव्वादोनने भागलं की येतात १३३ चौरस सेंटिमीटर. टायरच्या भिंतींचा ताठपणा आपण हिशेबात धरलेला नाही, तरी आकडा फार चुकत नाही. थोडक्यात, एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढा असतो. त्याला आपण टायरचा तळवा म्हणू. ब्रेक, वळण, वेग घेणं हे सगळं असल्या चार तळव्यांवर चालतं.

हा तळवा सुमारे १२ सेंटिमीटर लांब. ताशी ८० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, तेव्हा टायरवरचा कुठलाही एक ठिपका रस्त्याला टेकून राहतो तो फक्त साडेपाच मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या पंधरा-वीसपट वेळ लागतो. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी असेल आणि टायर १८ सेंटिमीटर रुंद असेल, तर या वेगाला एका चाकाच्या वाटेत दर सेकंदाला १२ लिटर पाणी येतं. म्हणजे एकेका चाकाने सेकंदाला एक बादली पाणी बाजूला सारायचं, आणि प्रत्येक ठिपक्याला त्यासाठी मिळणार साडेपाच मिलिसेकंद.

टायरवरच्या खाचा कशासाठी असतात, हे इथे समजतं. खाचांमुळे टायर रस्त्याला धरून राहतो असा एक सार्वत्रिक समज आहे. तो उलटा आहे. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरच चांगला धरतो, कारण त्याचं जास्त रबर रस्त्याला लागतं; शर्यतीच्या गाड्या कोरड्यात खाचा नसलेलेच टायर लावतात. खाचा असतात त्या पाण्याला पळवाट म्हणून. नव्या टायरची खाच सुमारे ८ मिलिमीटर खोल असते आणि कायदेशीर मर्यादा बहुतेक देशांत १.६ मिलिमीटर. त्या मर्यादेला टायर कोरड्यात कुरकुर करत नाही, म्हणूनच तो बदलायचं आपण पुढे ढकलत राहतो.

तळव्याखालचं पाणी सगळीकडे सारखं नसतं. १९५० च्या दशकात डनलॉप कंपनीतले संशोधक एरिक गफ यांनी त्याचे तीन भाग पाडले आणि ती मांडणी अजून वापरात आहे. सगळ्यात पुढे, जिथे टायर पाण्यावर आदळतो, तिथे पाण्याची पाचर शिरते. लाकूड फोडताना पाचर जशी फटीत घुसून दोन्ही बाजू वेगळ्या करते, तसं हे पाणी टायर आणि रस्ता वेगळे करू बघतं. त्यामागच्या पट्ट्यात बरंचसं पाणी निघून गेलेलं असतं, फक्त एक पातळ थर उरतो आणि रस्त्यातल्या खडीची टोकं त्यातून कुठे कुठे रबराला लागतात. शेवटच्या पट्ट्यात रबर आणि रस्ता खरोखर एकमेकांना भिडतात. पकड मिळते ती मुख्यतः या शेवटच्या तुकड्यात. वेग वाढला की पाचर मागे मागे सरकते आणि हा तुकडा आखडत जातो. तो संपला की टायर तरंगतो.

थोडं अवांतर: टायरवर सगळ्या दिशांनी भार टाकून बघायला याच गफ यांनी सहा पायांचं एक यंत्र बनवलं होतं. सहाही पाय कमी-जास्त लांब करता येत आणि वरचा मंच हवा तसा कलत असे. वैमानिकांना शिकवायचे सिम्युलेटर आज अशाच सहा पायांवर डुलतात.

पाचर बघायची सोपी पण महागडी युक्ती म्हणजे रस्त्यातच जाड काच बसवायची, खाली खड्ड्यात कॅमेरा ठेवायचा, पाण्यात चमकणारा रंग मिसळायचा आणि वरून टायर न्यायचा. जिथे पाणी आहे तिथे रंग चमकतो, जिथे रबर काचेला भिडलंय तिथे काळं दिसतं. वेग वाढवत नेला की काळा डाग लहान लहान होत जाताना दिसतो. अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि सहकाऱ्यांनी विमानांच्या टायरवर असे प्रयोग केले. १९६३ च्या त्यांच्या अहवालातलं एक छोटं सूत्र आजही वैमानिकांना शिकवतात: टायरमधल्या हवेच्या दाबाचं पीएसआयमध्ये वर्गमूळ काढा, त्याला ९ ने गुणा, आणि उत्तर आलं त्या वेगाला, नॉट्समध्ये, टायर पाण्यावर चढेल.

सूत्रात गाडीचं वजन नाही, हे पहिल्यांदा खटकतं. पण वजन वाढलं की तळवाही त्याच प्रमाणात पसरतो, त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला येणारा दाब हवेच्या दाबाएवढाच राहतो. समोरून येणाऱ्या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. दोन्ही बरोबरीला आले की झालं. मोटारीचे ३२ पीएसआय घातले तर उत्तर येतं ५१ नॉट्स, म्हणजे ताशी ९४ किलोमीटर. हवा उतरून २४ वर आली असेल तर ८२. प्रवासी विमानाच्या टायरमध्ये २०० पीएसआयच्या आसपास हवा असते. त्याचा आकडा येतो १२७ नॉट्स, ताशी २३५ किलोमीटर, आणि बरीच विमानं धावपट्टीवर टेकतात तीही साधारण याच वेगाला. नासाला यात एवढा रस का होता, ते या आकड्यातच आलं. पुढे धावपट्ट्यांना आडवे चर पाडायची पद्धत रूढ झाली: ६ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर खोल, दर ३८ मिलिमीटरला एक. टायरला खाचा असतात तशाच जमिनीला पाडलेल्या.

हे सूत्र मात्र पाणी भरपूर आणि टायर गुळगुळीत असताना लागू पडतं. नव्या टायरखाली पातळ पाणी असेल तर तरंगायला याहून जास्त वेग लागतो. पण पाण्यावर पूर्ण चढायच्या कितीतरी आधीपासून पकड गळायला लागलेली असते, त्यामुळे ९४ चा आकडा पाठ करून ९० ने जाणं यात शहाणपणा नाही.

आता पातळ थराकडे येऊ. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. एक खोडरबर घ्या. ओल्या काचेवर टेकवून ढकला: सुळकन जातं. मग तेच ओल्या पॉलिश पेपरवर घासून बघा: जागचं हलत नाही. पाणी दोन्हीकडे आहे, रबरही तेच. फरक एवढाच की पॉलिश पेपरचे बारीक कण पाण्याचा थर टोचून फोडतात. काचेवर टोचायला काही नाही, त्यामुळे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून पातळ थरसुद्धा रबराला अधांतरी धरून ठेवतो. रस्त्याच्या भाषेत या बारीक खरखरीला सूक्ष्म पोत म्हणता येईल. अर्ध्या मिलिमीटरहून लहान उंचसखलपणा त्यात येतो. त्याहून मोठा म्हणजे स्थूल पोत, खडीच्या दाण्यांमधल्या फटींचा. तो पाणी साठवून घेतो आणि वाहून नेतो. दोघांची कामं वेगळी. खडी वर आलेला, डोळ्यांना खरखरीत दिसणारा जुना रस्ता घसरडा निघतो तो यामुळे: फटी शाबूत असतात, पण चाकांनी घासून घासून प्रत्येक दगडाला पॉलिश झालेलं असतं.

स्थूल पोत मोजायची जुनी पद्धत मला फार आवडते. २५ मिलिलिटर बारीक वाळू किंवा काचमणी रस्त्यावर ओतायचे, गोल चकतीने पसरत न्यायचे, सगळ्या फटी भरून वर काही उरेनासं झालं की थांबायचं आणि वर्तुळाचा व्यास मोजायचा. २० सेंटिमीटर भरला तर फटींची सरासरी खोली ०.८ मिलिमीटर. ना बॅटरी, ना तारा. हल्ली हेच काम चालत्या गाडीखालचा लेझर करतो, तोही महामार्गाच्या वेगाने. सूक्ष्म पोताला लेझर सहसा पुरा पडत नाही. त्यासाठी अजून लोलक वापरतात: टोकाला रबराची पट्टी लावलेला लोलक सोडायचा, पट्टी ओल्या रस्त्याला घासून जाते, आणि लोलक पलीकडे किती चढला यावरून घर्षणाने किती ऊर्जा खाल्ली ते कळतं. कमी चढला तर रस्ता चांगला.

ओल्यात रबर धरून राहतं यामागे आणखी एक कारण आहे. कोरड्यात रबर दगडाला जवळजवळ चिकटतं, आणि ओल्यात हा चिकटपणा बराचसा जातो. उरतं ते रबराचं आळशीपण. दगडाच्या टोकावरून जाताना रबर दबतं, पण टोक मागे पडल्यावर लगेच मूळ आकाराला येत नाही. त्या दिरंगाईत ऊर्जा खर्च होते आणि तीच घर्षण म्हणून मिळते. मिश्रण जितकं आळशी तितकी ओल्यातली पकड चांगली, पण इंधनही जास्त जळणार, कारण तेच रबर प्रत्येक फेऱ्यात ऊर्जा खात राहतं. १९९० च्या दशकात रबरात कार्बन ब्लॅकच्या (काजळीसारख्या पुडीच्या) जोडीला सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीची बारीक पूड, मिसळायला लागले तेव्हा हे भांडण बरंचसं मिटलं.

एवढं सगळं असताना पकडीचा एकच एक आकडा काढायचा कसा? रस्ते तपासणारे लोक अंगमेहनतीचा मार्ग घेतात. गाडीमागे एक जोडगाडी, तिच्या चाकापुढे नळीतून अर्धा मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर सोडायचा, ताशी ६४ किलोमीटरला चाक पूर्ण जाम करायचं आणि ते फरपटताना किती ओढ लागते ते मोजायचं. ब्रिटनमधल्या स्क्रिम नावाच्या गाडीत चाक जाम करत नाहीत, ते २० अंशांनी तिरकं बसवलेलं असतं आणि बाजूला ढकलणारं बल मोजलं जातं. फायदा असा की थांबायला लागत नाही, अख्खा रस्ता सलग तपासून होतो.

बल मोजणारा सेन्सर दिसायला अगदी क्षुल्लक असतो. नखाएवढ्या पट्टीवर नागमोडी वळवलेली धातूची पातळ तार, आणि ती पट्टी धुऱ्याच्या पोलादाला चिकटवलेली. भार आला की पोलाद किंचित ताणतं, तारही ताणते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. किती? पोलाद दर मीटरमागे अर्धा मिलिमीटर ताणलं, तर १२० ओहमच्या तारेत ०.१२ ओहमचा फरक पडतो. तापमान चार अंशांनी हललं तरी आकडा बिघडू शकतो, म्हणून चार पट्ट्या एकमेकींचा दोष मारतील अशा जोडतात.

या सगळ्यातून येतो तो घर्षणांक, म्हणजे ओढ भागिले चाकावरचा भार. कोरड्या डांबरावर तो ०.८ च्या आसपास, ओल्यात ०.४ ते ०.७, आणि तरंगत असताना ०.१ च्याही खाली. ताशी ८० वरून थांबायला ०.८ ला ३२ मीटर लागतात, ०.४ ला ६३, आणि ०.१ ला अडीचशे. हा आकडा टायरचा स्वतःचा नसतो, रस्त्याचाही नसतो, पाण्याचा तर नाहीच. तो तिघांचा मिळून असतो, त्या वेगाला, त्या तापमानाला. म्हणून युरोपात टायरच्या लेबलवर ओल्या पकडीचा दर्जा देताना टायर एकटा तपासत नाहीत. त्याच दिवशी, त्याच ओल्या पट्ट्यावर एक ठरलेला प्रमाण टायरही चालवतात आणि दोघांची तुलना करून ए ते ई यातलं अक्षर देतात.

आणि इथे मूळ अडचण उघडी पडते. वरच्या प्रत्येक यंत्राने पकड मोजली ती पकड संपवून: चाक फरपटवून, तिरकं ओढून, रबर घासून. पकड किती आहे हे तिच्या टोकापर्यंत गेल्याशिवाय कळत नाही. तपासणीच्या जोडगाडीला ते परवडतं, कारण तिच्यात कुणी बसलेलं नसतं. तुमच्या-माझ्या गाडीला हवा असतो तो आकडा ब्रेक मारायच्या आधी.

मग अंदाज बांधायचे. एक वाट अशी: साध्या चालण्यातही चाक किंचित घसरतच असतं, इंजिन ओढतं तेव्हा रस्त्यापेक्षा तसूभर जास्त फिरतं. निसरड्या रस्त्यावर तेवढ्याच ओढीला ते थोडं जास्त घसरतं. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर हल्ली बहुतेक गाड्यांत असतोच; एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्याच्यावरच चालतं. तर हा फरक पकडायचा. कागदावर झकास दिसतं. पण शांत चालवताना घसरण असते हजारात दोन-तीन. चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर, तिचे हजारातले तीन हिस्से म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर. टायर झिजून त्याची त्रिज्या सहा मिलिमीटरने कमी होते, हवा कमी-जास्त झाली तरी बदलते. म्हणजे शोधायची गोष्ट मोजपट्टीच्या चुकीहून लहान. संगणकाला सतत त्रिज्याच नव्याने शिकत बसावं लागतं.

दुसरी वाट म्हणजे सेन्सर थेट टायरच्या आत, तळव्याच्या मागच्या बाजूला चिकटवायचा. बटणाएवढा त्वरणमापक. ताशी ८० ला तो गोल फिरताना गुरुत्वाकर्षणाच्या १६८ पट जोराने बाहेर फेकला जात असतो. १० ग्रॅमचा सेन्सर तिथे पावणेदोन किलोचा होतो. मग तळव्यात येतो आणि टायर सपाट झालेला असल्यामुळे तेवढा वेळ सरळ रेषेत जातो, जोर एकदम शून्यावर. बाहेर पडताना पुन्हा १६८. असं सेकंदाला बारा वेळा. असल्या मारझोडीत टिकेल असा डिंक शोधण्यातच निम्मा जन्म जात असेल असं मला कायम वाटतं.

पण सुटलेला आलेख बघण्यासारखा असतो. तळव्यात शिरताना एक टोक, बाहेर पडताना दुसरं, मध्ये सपाट दरी. दोन टोकांमधलं अंतर म्हणजे तळव्याची लांबी. कोरड्यात दोन्ही टोकं एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी. पाणी आलं की मागचं टोक तसंच राहतं आणि पुढचं बिघडतं: रस्त्याला टेकण्याआधीच पाण्याची पाचर रबराला दाबायला लागलेली असते, म्हणून खूण पसरते, थरथरते. गफ यांचे तीन भाग इथे एका रेषेत दिसतात. हे पकडायला सेकंदाला दहा-वीस हजार नोंदी घ्याव्या लागतात. त्या सगळ्या रेडिओने बाहेर पाठवल्या तर चाकातली छोटी बॅटरी टिकणार नाही. म्हणून गणित चाकातच करून फक्त निष्कर्ष बाहेर पाठवतात.

काहींनी टायरमध्ये शिरायचं टाळून बाहेरूनच कानोसा घेतला. पोर्शेने २०१८ च्या अखेरीस आणलेल्या ९११ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनीचे सेन्सर आहेत. टायरने उडवलेलं पाणी कमानीवर आदळतं त्याचा आवाज ते ऐकतात आणि रस्ता ओला असल्याचं चालकाला सांगतात. ओल्या रस्त्याचा मोड लावायचा की नाही हे चालक ठरवतो. रस्त्याच्या कडेच्या खांबांवर अवरक्त किरणांचे सेन्सर असतात. पाणी १४५० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण जोरात शोषतं, बर्फ त्याहून किंचित लांब लहरींचे. परत आलेल्या प्रकाशात काय कमी पडलं यावरून पाणी की बर्फ आणि किती जाडीचा थर, हे कळतं. ही साधनं कारण सांगतात, परिणाम नाही. अर्धा मिलिमीटर पाणी मोकळ्या फटींच्या रस्त्यात जिरून जातं, आणि पॉलिश झालेल्या दगडांवर तेच पाणी काचेवरच्या थरासारखं वागतं. खांबाला तुमच्या टायरच्या खाचाही दिसत नाहीत.

अलीकडे एक वेगळा डाव खेळला जातोय. कुठल्या तरी गाडीचं चाक कुठे तरी घसरतंच, एबीएस कुठे तरी चालू होतंच. तेव्हा पकडीचा खरा, टोकाचा आकडा आपोआप मोजला जातो. तो फेकून का द्यायचा? व्होल्वोने २०१६ पासून स्वीडन आणि नॉर्वेमध्ये आपल्या गाड्यांमार्फत हेच सुरू केलं: एका गाडीला घसरडं लागलं की ती जागा नेटवर्कवर जाते आणि मागून येणाऱ्या गाड्यांच्या चालकांना आधीच इशारा मिळतो. यात शिळेपणाचा प्रश्न उरतो. पाऊस थांबून ऊन पडलं की मघाचा इशारा खोटा ठरतो, आणि दोन-तीन खोटे इशारे मिळाले की चालक तिसऱ्या-चौथ्याकडे बघतही नाही. शिवाय सगळ्यात पुढे असलेल्या गाडीला हा इशारा कुणाकडूनच येत नसतो.